बँकेचं शेण

९ डिसेंबर १९७५

झालं, नवं टार्गेट! तेल महागलंय, म्हणून यांच्या बँकेला वरून फर्मान आलंय – गोबरगॅसला कर्ज द्या. मार्चअखेर बेहाला शाखेने एक तरी प्लँट पेटवून दाखवायचा. मी म्हटलं, "अहो, कलकत्त्यात शेण कुठून आणणार?" मग दोघांनाही एकदमच आठवलं. गल्लीच्या टोकाला सुखदेव रायचा म्हशींचा गोठा आहे की! इथे त्याला खटाल म्हणतात.

मुख्य म्हणजे, टार्गेट झालं तर पुण्याच्या बदलीचा अर्ज वर पाठवतो, असं मॅनेजर म्हणालेत. पुणं! मी लगेच पलंगाखालची ट्रंक ओढली आणि चांगल्या साड्या भरायला घेतल्या. हे म्हणाले, "शकुन, अगं, अजून कशात काही नाही!" नसू दे. भरायला काय जातंय?

२२ डिसेंबर

सुखदेव तयार! कितीदा नाही म्हणाला. शेवटी यांनी सांगितलं, वीज गेली तरी तुझ्याकडे गॅसचा दिवा जळेल. सगळी गल्ली अंधारात आणि याच्या म्हशी उजेडात – हे त्याला फारच आवडलं.

१८ फेब्रुवारी १९७६

पेटला! छान निळी ज्योत. शेण कालवलेल्या खड्ड्यावरची लोखंडी टाकी गॅसने वर येते आणि नळीतून गॅस चुलीला. वास म्हणाल तर नावालाही नाही. आमच्याकडे रॉकेल नाही, वीज नाही, आणि म्हशींच्या घरी गॅस!

१९ मार्चला हेड ऑफिसचे मुखर्जीसाहेब तपासायला येणार. ज्योत दिसली की पुणं.

२६ फेब्रुवारी

आज मीनाक्षीमाशी दारात येऊन भांडली. माशी म्हणजे मावशी. खटालाच्या भिंतीवर गोवऱ्या थापते, त्या गल्लीभर विकते. सगळ्यांच्या कोळशाच्या चुली तिच्याच गोवऱ्यांवर पेटतात. आता सुखदेव तिला शेण देत नाही! म्हणतो, "गोबर अब बैंक का है।"

"बौदी, तोमार बाबू आमार गोबर निये निलो!" बौदी म्हणजे वहिनी, म्हणजे मी; माझ्या नवऱ्याने तिचं शेण पळवलं म्हणे! मला आधी हसू आलं. मग तिची रिकामी टोपली दिसली आणि कसंतरीच झालं. आम्ही पुण्याला जाऊ. ती कुठे जाणार?

गोवऱ्यांचा भाव दुप्पट झालाय. तरी मिळत नाहीत.

४ मार्च

हे काय नवीन! महाराष्ट्र मंडळाच्या सरलाताई आल्या होत्या. जन्म इथल्याच बागबाजारचा, शाळेत शिकवतात, मराठी बोलताना मधेच बंगालीत घुसतात. "होळीच्या गोवऱ्या बेहालाहून येतात, दरवर्षी. या वर्षी का नाही गो?" मी म्हटलं, लाकडं जाळू. तर म्हणाल्या, "आणि गोवऱ्यांशिवाय होळी? लोक काय म्हणतील?" वर, "ऐकलं, मिस्टरांनीच सगळं शेण बंद केलं."

माझ्या नवऱ्यामुळे कलकत्त्यातली मराठी होळी अडली! तोंड कुठे लपवू?

५ मार्च

एक भानगड केली. सुखदेवला गाठून म्हटलं, होळीपर्यंत शेण माशीला दे, साहेबांना सांगू नकोस. तोही खूश, खड्ड्यात शेण कालवायची कटकट गेली. टाकी तर चांगली वर आलेली आहे. चार दिवस उपास घडला म्हणून काय होतंय!

१५ मार्च

काय होळी झाली! माशीच्या गोवऱ्या, चंद्र आणि पुरणपोळी. आपल्या लोकांनी जोरात बोंब मारली तेव्हा समोरचे चॅटर्जी धोतर सावरत धावत आले – कुणाला काय झालं? त्यांनाही पोळी खायला घातली. फार दिवसांनी इतकी हसले.

१७ मार्च

टाकी बसली!! पार तळाला. म्हशींचा चारा शिजवून सुखदेवने होता नव्हता तो गॅस संपवला, आणि वर मी खड्डा उपाशी ठेवलेला. हे डोक्याला हात लावून आले. "परवा साहेब येणार आणि ज्योतच नाही!" मी सगळं सांगून टाकलं. हे एवढंच म्हणाले, "पुणं तुलाच हवं होतं ना गं?" याहून ओरडले असते तर बरं झालं असतं.

माशीला कळलं. टोपलीतलं शेण स्वतःच नेऊन खड्ड्यात ओतलं तिने. म्हणाली, "तुमी देशे जाबे, बौदी." मी माझ्या गावी जावं म्हणून! मला रडूच आलं.

१९ मार्च

ज्योत आली – करंगळीएवढी! सुखदेव म्हणाला, साहेब, चहा घ्या. आता या ज्योतीवर चहा कधी व्हायचा! मी धावत घरी जाऊन उरलेल्या पुरणपोळ्या आणि तूप आणलं. मुखर्जीसाहेब एक खाऊन म्हणाले, आणखी आहे? चहा उकळला तेव्हा त्यांची चौथी चालली होती. "खूब भालो, साठेबाबू! प्लँट चालू." सही झाली!

२१ मार्च

सुखदेवकडून कबूल करून घेतलं – अर्धं शेण प्लँटला, अर्धं माशीला. माशी नाराज होईल वाटलं. कसली नाराज! भाव दुप्पट, मेहनत निम्मी. दुपारी आमच्या ओट्यावर पान खात बसते आता.

३१ मार्च

ऑर्डर आली. पुणं नाही. सबंध शहरात एकच प्लँट पेटला, तो यांचा – म्हणून पुढच्या वर्षी बेहाल्यात दहा! आणि ते यांनीच करायचे! मी रडणार म्हणून हे पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभे. मी उठले, ट्रंकेतल्या साड्या काढून कपाटात ठेवल्या आणि खिडकीतून माशीला हाक मारली – दहा प्लँट होणार म्हणजे भाव चढणार, पुढच्या होळीच्या गोवऱ्या आत्ताच आणून टाक, ट्रंक रिकामी आहे.