रंगीत पडद्यावर कोण बसलंय?

सोमवार, ४ मार्च
नोकरी लागली! छापखाना छोटा, पण खिडकी मोठी आणि खुर्ची चाकांची. माझ्याआधी इथे मास्तर बसायचे. लेबलं, मुखपृष्ठं, सगळं त्यांच्या हातचं. गेल्या महिन्यात याच खुर्चीत गेले. हे सांगताना मालकांचा आवाज खाली गेला. मी खुशाल बसले आणि एक गिरकी घेतली. निघताना वहिनी म्हणाली होती, आठ दिवसांत परत येशील. दादाच्या घरात पुन्हा पाहुणी होऊन राहायचं? नाव नको!

मंगळवार, ५ मार्च
मास्तरांचा कॉम्प्युटर फारच म्हातारा. मालकांना पटवून डिस्क कोरी केली, लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकली. नवी मांडणी बसवायचा आळस आला, म्हणून मास्तरांच्या बॅकअपमधल्या सेटिंगच्या फाइली जशाच्या तशा ओतल्या. झालं! पासवर्ड टाकला की रंगीत पडदा काळा पडतो, मधे नुसता माउसचा बाण. पण मागे नुसत्या अक्षरांचा एक काळा पडदा असतोच, तिथून दुरुस्ती करता येते. रोजनिशीही आता तिथेच लिहितेय.

बुधवार, ६ मार्च
पडदा चालवणारा ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. तेच. मग मशीनलाच विचारलं, आत्ता कोण कोण बसलंय? दोन ओळी आल्या. काळ्या पडद्यावर मी. रंगीत पडद्यावर मास्तर.
त्यांचं खातं मी उघडलेलंच नाही. म्हणजे पडदा बिघडलेला नाही, जागा भरलेली आहे. प्रूफं तपासणाऱ्या आत्या म्हणाल्या, मास्तर कुणालाही तिथे बसू द्यायचे नाहीत, ऊठ पोरी. मी म्हटलं, पगार बसणाऱ्याला मिळतो. मालकांनी शनिवारपर्यंत मुदत दिलीय. नाही जमलं तर दुसरं कुणी बघणार.

गुरुवार, ७ मार्च
ओतलेल्या फाइली पुसल्या. मास्तरांचं खातं उडवायला गेले. उत्तर आलं, वापरात आहे. जबरदस्तीने बंद पाडलं. बाण गेला, परत आला. हलतोय. माउस तर मी काढून ठेवलाय.
हलू दे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मी पाठ दाखवणारच नाही. मेलेल्या माणसाने जिवंत माणसाची नोकरी अडवायची म्हणजे काय?

शुक्रवार, ८ मार्च
मालकांनी दारातून विचारलं, मास्तर, चहा घेणार का? मागे वळून पाहिलं. कुणी नाही. माझ्याशीच बोलत होते — आत्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही —
वहिनीला फोन केला. कोण बोलतंय, म्हणाली. नाव सांगितलं. तिने दादाला दिला. तो म्हणाला, काका, चेष्टा करू नका —

शनिवार, ९ मार्च
पुन्हा विचारलं. ओळी दोनच. रंगीत पडद्यावर मी. काळ्या पडद्यावर मास्तर —
खोटं आहे. काळ्यावर मी आहे. हे मी लिहितेय. बोटं जाड झालीत, ओळखीची नाहीत — असू देत. चालतात ना.
रंगीत पडदा उघडून पाहिला. बाण काचेवर धडका देतोय. कुणाला तरी बाहेर यायचंय —
ती मी नाही. मी इथे आहे!
आज्ञा देऊन ठेवली. काळ्या पडद्यावर जे कुणी असेल, त्याला मिनिटभरात हाकल. मास्तर असतील तर जातील. आणि मी असले तर — असले तर काय — आत्या ओरडतायत, मास्तर थांबा. थांबत नाही. बघूच कोण जातं. मी तर इथून ह