लाल पट्ट्यातली आई

३ नोव्हें., कल्याण
आईच्या पाठदुखीचं खरं नाव कळलं. मल्टिपल मायलोमा. रक्ताचा कॅन्सर, हाडं पोखरणारा. किडनीचा आकडा, क्रिएटिनिन, ३.८. वर्षभर मला न सांगता मेडिकलमधून पाठीच्या गोळ्या आणून खात होती. त्यांनी किडनीची आणखी वाट लावली. फार चिडले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

५ नोव्हें.
डॉ. म्हणाले, स्टेज तीन. "पण ज्या आकड्यावरून स्टेज ठरते, तो किडनी बिघडली तरी वाढतो. त्यात कॅन्सर किती आणि किडनी किती, आज सांगता येत नाही. किडनी सावरली तर पुढचं बरंच सोपं."
आई : "म्हंजे लाल पट्टा."
डॉ. गोंधळले. मी सांगितलं, तीस वर्षं अंगणवाडी चालवली हिने. पोरांच्या वजनाच्या तक्त्यात सगळ्यात अशक्त पोर लाल पट्ट्यात.
"लालमधली पोरं हिरव्यात आणलीत मी," आई म्हणाली. डॉक्टरांना!

९ नोव्हें.
तपासणीसाठी आईची चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये गोळा केलेली. सकाळी लॅबमध्ये देऊन घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकले, तेवढ्यात फोन.
"अगं, तो कॅन परत आण. काल शेजारच्या साखरपुड्यात दोनदा त्यांच्याच बाथरूमला गेले. चारचौघींत कॅन घेऊन कशी जाणार?"
म्हटलं, दोनदाने काय होतंय?
"साहेब सांगायचे तरी एका पोराचं वजन वाढवून लिहिलं नाही मी."
लॅबला फोन करून रद्द केलं.

११ नोव्हें.
परत चोवीस तास. कॅन कापडी पिशवीत, पिशवी खांद्याला, बाई महिला मंडळाच्या मीटिंगला. कुणी विचारलं तर सरळ सांगितलं म्हणे. धन्य.

२ डिसें.
केमोचे तीन आठवडे. क्रिएटिनिन २.९. आईने फ्रिजवर तक्ता लावलाय, स्वतःचा. लाल, पिवळा, हिरवा. प्यायलेल्या पाण्याच्या प्रत्येक तांब्याची नोंद. उलट्या झाल्या त्याचीही.

२१ डिसें.
२.१! पिवळा. मी उतावळी, विचारलं, आता स्टेज दोन ना?
डॉ. : "कागदावर तीनच राहणार. आशा मात्र वाढली."
आई : "पहिलं वजन खोडायचं नसतंच. पोर किती चढलं ते त्यावरूनच कळतं."
रिक्षात तिचा हात घर येईपर्यंत सोडला नाही. माझी आई आहे ही.

१८ जाने.
सकाळी रक्त दिलं. रिपोर्ट उद्या. तक्त्यावर आजची तारीख घातलीय, पुढे जागा रिकामी. मी पेन उचलून हिरव्या पट्ट्यापाशी नेलं. हातावर चापट बसली.
"आधी रिपोर्ट येऊ दे."