फिट येणारी मुलगी पुढे नाचते

लाडक्या आई,

मी इथे मेडेयिनला मजेत आहे. फिटची गोळी चुकवत नाही. मागच्या आठवड्यात एकदाच फिट आली, फार लागलं नाही. बाबांचा गुडघा कसा आहे?

फिट येणाऱ्या मुलीच्या गोष्टीचं माझं पुस्तक छापून आलं! प्रकाशक अडून बसले होते, "शेवटी त्या मुलीच्या फिट थांबव." मी म्हटलं, "माझ्या कुठे थांबल्या? ती तशीच आमच्या गावच्या, किब्दोच्या सणात सगळ्यांच्या पुढे नाचेल." अखेर त्यांनीच हात टेकले.

काल वाचनालयात ते वाचून दाखवलं, तर एक चिमुरडी आईवर ओरडली, "बघ, गोष्टीतल्या मुलीलापण फिट येते, तरी नाचते! मग मलाच का घरात कोंडतेस?"

तिची आई डोळे पुसत म्हणाली, "नाच गं बाई, नाच!"

सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि पोर खुर्च्यांमधून नाचत सुटली.

तुला घट्ट मिठी,
तुझी युर्लेनी