नव्या चुलीची भोकं

मंगळवार, संध्याकाळ

लेख वेळेवर पाठवला, पण काय लिहिलं ते धड आठवत नाही. डोळे अजून चुरचुरताहेत.

आई गॅस चालू करते आणि विसरते. महिन्यात दोनदा शेजारच्या नलूताईंनी वास आला म्हणून धावत येऊन बटण बंद केलं. शेवटी सिलिंडरच काढून टाकला आणि काल मागच्या पडवीत लोखंडी चूल बसवून घेतली, पत्र्यातून धुराचा पाइप वर काढून. खालच्या भोकांतून हवा जाते, फुंकायला लागत नाही. भोकं मोकळी ठेवा, असं विकणाऱ्याने दोनदा बजावलं होतं.

आज अंधेरीहून घरी आलो, तर पडवीत धूरच धूर. आईने चूल गावच्यासारखी चिखलाने छान सारवली होती. भोकांसकट.

"जाळ भायर जाय होतो, म्हणान बुजवलंय," ती खोकत म्हणाली.

"अगं, मग तू तरी बाहेर यायचंस ना!"

"चुलीर भात आसा. सोडून येव कशी?"

भोकं मी कोरून मोकळी केली. पुन्हा बुजवेल का? बुजवेलच. पण खरी भीती ती नाही. गॅस चालू ठेवून ती निघून जायची, म्हणून चूल आणली. आता चुलीसमोरून ती उठतच नाही, धुरातसुद्धा. हे आधी कसं सुचलं नाही मला?

उद्या घरून लिहीन, असं ऑफिसला कळवलंय. टेबल पडवीत ओढून घेतलंय. परवा काय सांगायचं, ते अजून सुचत नाही.