ओला, सुका आणि आईचा स

१८ जानेवारी, शनिवार

नापास! संगीताच्या परीक्षा पास, बेडरूममध्ये स्वतःचा स्टुडिओ, आणि घंटागाडीच्या गाण्यात मी नापास!

पंचायतीचे महिपतीभाऊ स्वतः ऐकायला आले होते. गाणंही त्यांचंच. 'आली आली घंटागाडी, चला चला बाई, ओला हिरव्या, सुका निळ्या, करू नका घाई.' मी इतकं जीव ओतून गायलं, कडव्याच्या शेवटी छोटीशी तानसुद्धा घेतली. भाऊ डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "आवाज ग्वाड हाय, पन झोप येती. कचरा काढावा असं न्हाई वाटत."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. घरचा भेदी!

१९ जानेवारी, रविवार

आज मी भाऊंना हवं तसं 'खणखणीत' गायचा प्रयत्न करत होते. आई बाहेर लसूण सोलत होती. सोलता सोलता तिनेच म्हणून दाखवलं — "असं म्हण. चला चला बाऽई. बोलावल्यासारखं."

मी गार! आई गायली! सृष्टीच्या बारशानंतर पहिल्यांदा. सृष्टी म्हणजे हिरामावशीची नात, आता चौथीत आहे. बारशाला आई आणि मावशी दोघी मिळून पाळणा म्हणत होत्या. मध्येच सूर भलतीकडे गेला. मावशीच्या मुलीच्या सासरचे सगळे समोर. मावशी हसून म्हणाली, "चंद्रिका, तू राहू दे गं, तुझा सूर सुटतोय." आई घुगऱ्या न घेता घरी आली. तेव्हापासून गाणं बंद आणि मावशीशी बोलणंही. मावशी राहते कुठे? मागच्या आळीत! आमच्या गच्चीवरून तिची वाळत घातलेली लुगडी दिसतात. आई तिचं नाव घेत नाही, 'मागच्या आळीतली' म्हणते. बहिणी कसल्या, दोघी सारख्याच हट्टी.

मी म्हटलं, "आई, तूच गा ना हे."

"काहीतरीच! कचऱ्याचं गाणं!" मग थोड्या वेळाने, लसणाकडे बघत, "गाडी कुठकुठे जाते गं?"

"सगळीकडे."

"मागच्या आळीत?"

"रोज सकाळी."

आईने सुरी खाली ठेवली. "मी म्हणते. आणि त्या ड्रायव्हरला सांग, तिच्या दारात जरा जास्त वेळ थांब म्हणावं."

२१ जानेवारी

आई ज्येष्ठमध चघळतेय. दही बंद. लोणचं बंद. बाबांचंही बंद — का, ते त्यांना कळलेलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार

रेकॉर्डिंग झालं! कसं झालं ते आमचं आम्हालाच ठाऊक.

खिडकीला गादी उभी केली, कपाटाचं दार उघडून त्यावर दोन रजया. मध्ये माइक, माइकसमोर आई — नवी साडी नेसून! म्हटलं, "आई, दिसणार नाहीयेस तू." म्हणाली, "मला दिसतेय ना."

पंखा बंद, आईचा चेहरा लाल. पहिल्या टेकला घोरावाडी स्टेशनात लोकल आली, भोंगा थेट गाण्यात. दुसऱ्याला कुकर. तिसऱ्याला बाबांनी दार उघडून विचारलं, "झालं का?" चौथा मात्र — काय गायलीये! अंगावर काटा आला. कचऱ्याच्या गाण्याने!

एकच भानगड. पुढचा दात नवा बसवल्यापासून आईचा 'स' शिट्टी मारतो. 'सुका' म्हटलं की हेडफोनमध्ये सुईऽऽ.

२६ जानेवारी, रविवार

बाहेर शाळेच्या कर्ण्यावर देशभक्ती चालू, आत मी आईचा आवाज पुसतेय.

आधी आजूबाजूची खरखर काढली. मग सूर बघितले. बेसूर जागा स्क्रीनवर दिसते आणि थोडी वरखाली सरकवता येते. माझ्या गाण्यात मी इतकं सरकवते की विचारू नका! आईचं गाणं उघडलं तर सरकवायला काही नाहीच. दोनदा पाहिलं. मग बारशाला काय झालं होतं? घाबरली असेल बिचारी.

राहिली शिट्टी. स दाबायचं एक बटण असतं. थोडं दाबलं, शिट्टी आहेच. आणखी दाबलं. आणखी. हेडफोनवर सोनं! भाऊंना पाठवून दिलं. त्यांचा लगेच अंगठा आला.

२८ जानेवारी

उद्यापासून गाडी आईचं गाणं लावून निघणार. आईने गच्चीतली खुर्ची मागच्या आळीकडे तोंड करून ठेवली आहे.

२९ जानेवारी, बुधवार

मेले. संपले. आता कंपनीत कामावर जायला तोंड नाही.

हेडफोनवर सोनं, कर्ण्यावर शेण! मी दाबून दाबून नाजूक केलेला स त्या पत्र्याच्या कर्ण्यात पार गायब झाला, उरला तो थ. सगळ्या गावाला माझ्या आईने सकाळी सात वाजता, खणखणीत आवाजात सांगितलं — "ओला हिरव्या, थुका निळ्या, करू नका घाई!"

गाडीचा ड्रायव्हर सत्यम, वडिवळ्याचा, त्याचा फोन. "ताई, लय बेकार झालंय! पोरं गाडीमागं पळत्यात आन् निळ्या डब्यात थुकत्यात! बंद करू व्हय?" मी म्हटलं, "ताबडतोब!" तर म्हणतो, "भाऊ न्हाई म्हनत्यात. म्हनत्यात कवा न्हाई ते समदी लोकं भायेर आली."

आई गच्चीतून खाली आली. खोलीत गेली. जेवली नाही. मला म्हणाली फक्त एवढंच, "तिला हवं होतं तेच झालं."

चूक माझी, हसं तिचं. इतकं वाईट वाटतंय की लिहवत नाही.

३० जानेवारी

आई कुणाशीच बोलत नाही. मी गाणं दुरुस्त करायला बसले, पण स थोडा सोडला की शिट्टी, दाबला की थुंकी. मधलं काही नाहीच!

संध्याकाळी गाडीतलं गाणं काढून आणायला गेले, तर सत्यमने नवीनच सांगितलं. "तुमच्या मागल्या आळीत चष्म्यावाल्या मावशी हाईत ना? काल समद्या बाया फिदीफिदी हसत व्हत्या. मावशींनी निस्तं बगितलं, समद्या गप! म्हनल्या, हसताय काय, सूर बगा कसा लागलाय."

घरी येऊन आईला सांगितलं. "ती कशाला असं म्हणेल," म्हणाली. पण दोन भाकऱ्या खाल्ल्या.

१ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी दारात हिरामावशी! हातात पिशवी, नाकावर चष्मा. मला म्हणाली, "कुठंय तुझं मशीन?" सरळ बेडरूममध्ये. गादी, रजया सगळं बघून घेतलं. "अपूर्वा, तुझ्या आईला सांग, दोघींनी मिळून म्हटलं तर स झाकला जाईल. तिच्या 'सुका'वर माझा 'सुका'."

स्वयंपाकघरातून — "अपूर्वा, तुझ्या मावशीला सांग, मी पुन्हा कचऱ्याचं गाणार नाही."

"सांग, मग गाव थुंकत बसेल."

"सांग, चहात साखर किती?"

"सांग, बंद केलीये. मधुमेह झालाय."

यावर आई एकदम बाहेर आली. नजर माझ्यावरच. पण आली.

माइक एक, बायका दोन, खांद्याला खांदा. एकमेकींकडे बघायचं नाही! पहिले दोन टेक बरे झाले, तिसऱ्याला शेजारच्यांची पाण्याची मोटर सुरू. मी पळत गेले, मिनतवाऱ्या करून बंद करवली, परत आले. शेवटचा टेक मात्र सुरेख! चहा पिऊन मावशी निघाली. "येते," म्हणाली. मला. आई भांडी घासायला वळली.

एवढं करून शेवटी अबोला तो अबोलाच! कपाळ माझं.

२ फेब्रुवारी, रविवार

टेक ऐकायला बसले. मोटर बंद करायला पळाले तेव्हा रेकॉर्डिंग थांबवायचं विसरलेच होते. मागे मोटरची घरघर. मग मावशीचा आवाज, अगदी हळू — "त्या बारशाला सूर माझा सुटला होता, चंद्रे. तुझा नाही."

मोटर थांबते. मग आई — "माहितीये गं ताई. तेव्हाच कळलं होतं. तू कधी म्हणतेस, तेवढीच वाट बघत होते."

कुणीतरी नाक ओढतं. कोण, ते कितीदा ऐकलं तरी कळत नाही. मग धाडकन दार, आणि माझाच आवाज — "झाली बंद! चला, आता पहिल्यापासून!"