विहीणबाई बुरुजात थांबल्या त्याची हकीकत

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी गुडघे तूर्त वजा कर, सकाळपासून ते माझं ऐकत नाहीत.) तुझ्या पाठीला शेक चालू आहे ना? आणि भावोजींचा खोकला? काढा ते घेतात की कुंडीत ओततात, याकडे लक्ष ठेव. फोन न करता पत्र लिहून त्याचे फोटो भावोजींच्या मोबाइलवर पाठवतेय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि आज मला खूप बोलायचंय.

आज आमचं जहाज एका बेटाच्या जुन्या बंदराला लागलं. ताई, काय सांगू तुला. पाण्यातून सरळ वर आलेली दगडी तटबंदी, तिच्या मागे उतरंडीसारखी एकावर एक रचलेली घरं, आणि गल्ल्या अशा अरुंद की समोरासमोरच्या बायका खिडकीतून हात काढून एकमेकींचे कपडे वाळत घालतील. मला तर धक्क्यावरच उडी मारावीशी वाटली. पण उडी मारायची कशी? सोबत विहीणबाई.

तुला ठाऊकच आहे, ही सफर लेकीनं आणि जावयानं आम्हा दोघींना का घडवली ते. नव्या घरात त्यांनी दोन खोल्या काढल्यात, एक तिच्या आईला, एक त्याच्या आईला. त्याआधी "एकमेकींची सवय होऊ दे" म्हणून आठवडाभर एका केबिनमध्ये कोंडलं. निवृत्त मुख्याध्यापिकेची सवय होणं म्हणजे काय ते तुला नाही कळायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी साबण ठेवायच्या जागा ठरवून दिल्या. मी चुकून त्यांच्या जागेवर माझा साबण ठेवला, तर त्यांनी नुसतं बघितलं. माझ्याकडून आपोआप उठाबशा निघायच्याच बाकी होत्या.

बेटावरही तेच. हातात नकाशा, त्यावर आखलेला रस्ता, आणि अंगात खास सफरीसाठी शिवून घेतलेला लांब स्कर्ट. (सख्खी विहीण आयुष्यभर शिवणकाम करणारी असताना तो दुसरीकडून शिवून घेतला, हे मी मनात ठेवलेलं नाही. फक्त सांगतेय.) त्याला दोन्ही बाजूंना पोत्याएवढे खिसे. एकात पाण्याची बाटली आणि पासपोर्ट, दुसऱ्यात दुर्बीण, छत्री आणि इतिहासाचं जाडजूड पुस्तक. भिंतीवर पाटी दिसली की बाई थांबणार आणि मोठ्यानं वाचणार. कोणत्या तोफेनं कोणाचं गलबत बुडवलं ते मला आता झोपेतही सांगता येईल.

तटाच्या टोकाला दगडी बुरूज आहे, पहारेकऱ्यानं उभं राहून समुद्र बघायचा. दार इतकं चिंचोळं की पहारेकऱ्यांना उपाशीच ठेवत असावेत. मी म्हटलं, "विहीणबाई, बाहेरूनच बघू या." त्या म्हणाल्या, "इतिहास बाहेरून बघायचा नसतो." आणि अंग तिरकं करून आत गेल्या. आत जाताना गेल्या गं, बाहेर येताना खिशांसकट थांबल्या. दाराच्या जुन्या लोखंडी बिजागरीत स्कर्ट असा गुंतला की पुढे यायची सोय नाही आणि मागे वळायला जागा नाही.

तोवर मागे पर्यटकांची रांग लागली. दुसरी कुणी रडली असती. विहीणबाईंनी घसा साफ केला आणि अर्धं अंग आत, अर्धं बाहेर अशा अवस्थेत त्या बुरुजाचा इतिहास सांगायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, बाईंची इथे नेमणूकच आहे. शेवटी टाळ्या वाजवून सगळे पुढे गेले. मग आम्ही दोघीच उरलो, आणि वारा.

मी खाली बसून खिसे रिकामे करायला लागले. तेवढ्यात वरून हळू आवाज आला, "तुम्हाला खरंच मुलांकडे राहायला जायचंय?"

ताई, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, म्हणूनच खरं बोलता आलं. मी म्हटलं, "नाही."

"मग हो का म्हणालात?"

"तुम्ही म्हणालात म्हणून. मी नाही म्हटलं असतं तर वाटलं असतं, मुलीच्या आईला तुमचं वावडं आहे."

मग त्या म्हणाल्या, "मी तुम्ही म्हणालात म्हणून हो म्हटलं. मला कुणाच्या संसारात पाटी वाचत उभं राहायचं नाहीये."

आणि हसू आलं गं आम्हाला. त्या हसल्या की बिजागरी आणखी रुते, म्हणून मी त्यांना हसू नका सांगत होते आणि मलाच आवरत नव्हतं. अखेर पर्समधली छोटी कात्री काढली आणि त्या परक्या शिंप्याची शिवण कमरेपासून खालपर्यंत उसवून टाकली. (मनात काही ठेवलेलं नव्हतं, पण बरं वाटलं.)

आता एवढा फाटका स्कर्ट घेऊन गावातून जायचं कसं? एका बाजूला छत्री उघडून, दुसऱ्या बाजूला मी चिकटून, अशी आमची वरात उतरली. बंदरामागच्या गल्लीत उघडं दार दिसलं, आत शिरलो, आणि मी जागच्या जागी उभीच राहिले. ते शिडं शिवण्याचं दुकान होतं. घराएवढं पांढरं शीड जमिनीवर अंथरलेलं, त्यावर माणसं मोजे घालून हिंडतायत, आणि शिलाई मशीन चक्क जमिनीतल्या खड्ड्यात. शिवणारी खाली बसते आणि कापड जमिनीवरून सरकत येतं. एवढी वर्षं मी कापड मांडीवर ओढत मान मोडून घेतली, आणि हे कुणाला सुचलं असेल? दुकानाची मालकीण धिप्पाड बाई. तिनं स्कर्ट बघितला, माझा चेहरा बघितला, जुन्या शिडाचा एक तुकडा पुढे केला आणि मलाच खड्ड्यात उतरवलं.

स्कर्ट जोडून झाला तरी मी उठेना. मालकिणीनं मोठ्या शिडाची एक कड माझ्या हाती दिली. ताई, ती शिवण अख्ख्या दालनभर लांब होती आणि एकदाही वाकडी गेली नाही. वर मान केली तर विहीणबाई दोराच्या गुंडाळीवर बसून शांतपणे बघत होत्या. त्यांच्या मागच्या बाजूला शिडावरचा भला मोठा सातचा आकडा आला होता, आणि तोही त्या मिरवत होत्या. जहाज, अर्थात, ठरल्या वेळी सुटलं. जहाजवाल्यांचा वक्तशीरपणा वाखाणण्यासारखा आहे.

बाकी सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार, घरातल्या लहानांना पापा.

तुझी धाकटी

ता. क. जहाज वेळेवर सुटलं ते आमच्याशिवाय. काळजी करू नकोस, मालकिणीनं दुकानावरची खोली दिलीये, आणि उद्या सकाळची बोट आम्हाला पुढच्या बंदरात जहाजापाशी सोडेल. जहाजवाल्यांना कळवलंय. ते लेकीला फोन करायच्या आत तू कर, आणि "दोघी" सुखरूप आहेत असं म्हण. एकीनं दुसरीला ढकललं असं तिला वाटता कामा नये.

आणि एक. जहाजाचा भोंगा मला मशीनच्या आवाजात ऐकूच आला नाही. विहीणबाईंना आला होता. त्यांना विचारलं, सांगितलं का नाही? म्हणाल्या, "तुमची शिवण अर्ध्यावर होती."

दुसरं ता. क. तुझ्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू गेलेत ना? त्या दोन खोल्या कुणाला कबूल करू नकोस. आम्ही दोघी येतोय. मुलांना पटवायचं काम तुझं, तुझ्यापुढे कोण बोलणार?

तिसरं ता. क. इथपर्यंतचं सगळं विहीणबाईंनी वाचून ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलंय. स्वतःबद्दलचं एक अक्षर खोडलं नाही, फक्त "अडकल्या" होतं तिथे "थांबल्या" करायला लावलं. हे मात्र त्या तोंड धुवायला गेल्यावर लिहितेय, तेव्हा चूका पोटात घाल. सकाळच्या ऊन्हाची खोली त्यांनी मागीतली आणि मी लगेच हो म्हटलंय. ती खोली तू मला आधीच कबूल केली होतीस, असं त्यांना सांग.