पस्तिसावा आठवडा

आई, सातव्या महिन्यात विमानाने येणं धोक्याचं नव्हतं. डॉक्टरांचं पत्र होतं, पायात घट्ट मोजे होते, एकवीस तासांच्या प्रवासात मी दर तासाला उठून चालले. तरी लाखनीच्या घरात पाऊल ठेवताच तू खाटेवरून म्हणालीस, ‘काहून आली वं एवढ्या दूरून? पाय दाखव आधी.’ भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तुला घरी न्यायला सांगितलेलं, पोटात गाठ, अंगावर हाडं तेवढी राहिलेली, आणि तू माझ्या घोट्यावर अंगठा दाबून सूज बघतेस. तीस वर्षं आसपासच्या गावांची नर्सबाई होतीस. आजारी तू, पण पेशंट मीच.

दोन आठवडे मी तुझ्याजवळ होते. भाताची पेज भरवायला गेले की दोन चमचे घेऊन तू मान फिरवायचीस आणि उरलेली मलाच प्यायला लावायचीस. हायवेवरून ट्रक गेला की खिडकी थरथरायची, तेवढ्यात तू कण्हून घ्यायचीस. मला कळत नाही असं तुला वाटायचं. एका दुपारी ट्रक नसताना तू ओरडलीस. मी स्वयंपाकघरात होते, तिथेच उभी राहिले. तुझ्या सोबतीला आलेल्या मावशीने तुला धरलं.

त्याच संध्याकाळी मी सांगितलं की सोनोग्राफीत महिना पुढचा निघाला होता, आता पस्तिसावा आठवडा लागलाय, छत्तिसाव्यानंतर विमानात घेत नाहीत, परवा निघावं लागेल. तू मला खाटेवर बसवलंस. हात माझ्या पोटावर ठेवून बेंबीपासून वर बोटं मोजलीस. एकदा, मग पुन्हा. त्या बोटांनी किती बायांचे महिने सांगितले असतील. खरं तर मी तिसाव्याच आठवड्यात होते.

तू हात काढून घेतलास. भिंतीकडे बघत म्हणालीस, ‘जाय मंग. पट्टा पोटावरून नको, खालून, मांडीवरून घेजो. पाणी पेत राहजो.’

तू गेलीस ती त्यानंतर अठराव्या दिवशी. थांबले असते तर तुला पोचवून, नियमात बसून, परत जाता आलं असतं.

लेक आता चोवीस वर्षांची आहे. शेवटी आजीजवळ का नव्हतीस, असं तिने मागे विचारलं, तेव्हा तिलाही मी विमानाचा नियमच सांगितला. हा कागद तिच्या हाती लागायला नको, म्हणून लिहून झाला की फाडणार आहे. विमानाने जमीन सोडली तेव्हा मला मोकळं वाटलं होतं, आई.